पोटविकारांच्या राष्ट्रीय परिषदेचा प्रोग्रॅम लावतोय, लाइव्ह एन्डोस्कोपी ठेवू की नको?

जठराग्नी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या वार्षिक परिषदेचा सायंटिफिक सेक्रेटरी म्हणून यंदा माझ्या गळ्यात माळ पडलीय. आत्तापर्यंत मी मागच्या रांगेत बसून 'हा प्रोग्रॅम कोणी लावलाय' असं म्हणणाऱ्यांतला, आता तेच लोक माझ्याबद्दल म्हणणार.

तर परिस्थिती अशी आहे. तीन दिवस, तीन हॉल, अंदाजे आठशे डेलिगेट, अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आणि वर लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड असं सगळं एकाच छताखाली. हातात नऊ महिने आहेत. कार्यकारिणीकडून वक्त्यांची यादी आलीय तिच्यात १४२ नावं आहेत आणि निम्म्या नावांपुढे 'यांना घ्यावंच लागेल' असा शेरा आहे. कोणाला का घ्यावं लागेल ते कुठंच लिहिलेलं नाही, ते मी समजून घ्यायचं.

पहिला अख्खा दिवस लाइव्ह एन्डोस्कोपी वर्कशॉपचा, अशी वर्षानुवर्षांची पद्धत आहे. म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या पोटात दुर्बीण घालून प्रोसीजर चालू आणि इकडे हॉलमध्ये पडद्यावर सगळे बघतायत. गर्दी तुफान होते हे खरंय. पण मला मनातून ते पटत नाही, आणि मीटिंगमध्ये बोललो तर लोक म्हणणार हा घाबरट आहे. ज्यांनी हे काम आधी केलंय त्यांनी जरा सांगा, सुरुवात कुठून करू? अ‍ॅबस्ट्रॅक्टचंही, म्हणजे निवडीसाठी येणाऱ्या संशोधनाच्या सारांशांचं, कोणी बोलाल तर बरं, मागच्या वर्षी त्यावरून फार भांडणं झाली होती.

पित्ताशयकर

आधी अभिनंदन आणि मग सांत्वन. मी हे काम दोनदा केलंय, दुसऱ्यांदा का केलं ते विचारू नका.

यादी आधी बाजूला ठेवा आणि कागद घेऊन मिनिटं मोजा. पहिला दिवस वर्कशॉपला गेला, उरले दोन. चहा, जेवण, हॉल भरायला लागणारा वेळ वजा केला तर दिवसाला सहा तास खरे हातात राहतात, म्हणजे तीन हॉल मिळून ३६ तास. २० मिनिटं भाषण आणि ५ मिनिटं प्रश्न धरले तर ८६ भाषणं बसतात. आता त्यातून उद्घाटन काढा, ओरेशन म्हणजे मानाचं व्याख्यान काढा, जनरल बॉडी काढा, फ्री पेपरची सत्रं काढा, कंपन्यांची सॅटेलाइट सत्रं काढा, म्हणजे पन्नासच्या आसपास येऊन थांबाल. हा हिशोब कार्यकारिणीसमोर ठेवा आणि गप्प बसा. १४२ मधून पन्नास कोण ते त्यांचं त्यांना ठरवू दे, तुम्ही एकट्याने नावं कापलीत तर आयुष्यभर ऐकाल.

दुसरं म्हणजे नावांपासून सुरुवातच करू नका, प्रश्नांपासून करा. नाव आधी आलं की वक्ता त्याचं नेहमीचंच भाषण घेऊन येतो, तेच ७२ स्लाइडवालं, शेवटच्या २० स्लाइड 'वेळेअभावी पुढे जातो' म्हणत पळवतो. त्याऐवजी प्रश्न लिहून द्यायचा. उदाहरण देतो. 'तीव्र स्वादुपिंडदाह : एक आढावा' असा विषय दिलात तर १९९२ च्या वर्गीकरणापासून सुरू करतील. पण 'पहिल्या २४ तासांत सलाईन किती आणि कधी हात आखडायचा' असं विचारलंत तर वक्त्याला २०२२ च्या वॉटरफॉल ट्रायलवर यावंच लागतं. आपण सगळे धो-धो सलाईन द्यायला शिकलो आणि त्या ट्रायलमध्ये जास्त फ्लुइडवाल्या गटात अंगात पाणी साठायचं प्रमाण एवढं वाढलं की ती मध्येच थांबवावी लागली. हॉलमधल्या अर्ध्या लोकांच्या वॉर्डात अजून जुनीच पद्धत चालू असेल, म्हणजे हा विषय मोठ्या हॉलचा झाला. तसंच एच. पायलोरी या जठरातल्या जंतूचं. त्याचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला रेझिस्टन्स असताना पहिला कोर्स कोणता द्यायचा ते सांगा म्हणावं.

नावांचा घोळही आधीच मिटवून टाका. फॅटी लिव्हरचं नाव २०२३ मध्ये बदललं, एनएएफएलडी जाऊन एमएएसएलडी आलं. आमच्या वेळी एका हॉलमध्ये जुनं नाव आणि दुसऱ्यात नवं, अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या फॉर्मवर दोन्ही, एकाच आजाराचे पेपर दोन विभागांत फुटले आणि दोन वेगवेगळ्या परीक्षकांकडे गेले.

तारीख पक्की नसेल तर बाहेरच्या मोठ्या परिषदा बघून घ्या. मे महिन्यात अमेरिकेतला डायजेस्टिव्ह डिसीज वीक असतो, ऑक्टोबरात युरोपचा यूईजी वीक, नोव्हेंबरात लिव्हरवाल्यांची अमेरिकेतली मीटिंग. त्यांच्या आसपास तारीख धरलीत तर परदेशी पाहुणा 'नक्की येतो' म्हणतो आणि तीन आठवडे आधी येत नाही म्हणून कळवतो.

लाइव्हबद्दल माझं मत सांगत नाही, मी दोन्ही वेळा ठेवलं होतं आणि दोन्ही वेळा रात्री झोप नव्हती.

स्कोपवाली सिस्टर

सर, मी डॉक्टर नाही, एन्डोस्कोपी युनिटची इनचार्ज सिस्टर आहे. अशा सहा लाइव्ह वर्कशॉपमध्ये पडद्याच्या पलीकडे उभी राहिलेय. हॉलमधून काय दिसतं ते बाकीचे सांगतील, मी न दिसणारं सांगते, जरा लांबेल.

एका वर्षी सकाळी दहाला एक कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची एन्डोस्कोपी) लावली होती, मोठा पॉलीप, म्हणजे आतड्यातली वाढ, काढायचा होता. पेशंटने पोट साफ करायच्या औषधाचा अर्धा डोस रात्री आणि अर्धा पहाटे उठून घेतला, अगदी सांगितलं तसं. तिकडे उद्घाटनाची भाषणं लांबली. मग पाहुण्या डॉक्टरांची आधीची केस लांबली. हे काका हाताला सुई लावून, उपाशी, बाहेरच्या कॉटवर दीड वाजेपर्यंत. मला दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, सिस्टर माझा नंबर लागणार ना. शेवटी आत घेतलं तेव्हा उजव्या बाजूच्या आतड्यावर पित्ताचा चिकट थर आलेला, तो येतोच, शेवटच्या डोसनंतर चार-पाच तासांच्या आत स्कोप घालायचा तो याच्यासाठीच. आणि हॉलमधून माइकवर आवाज आला, 'प्रिपरेशन काही बरोबर झालेलं दिसत नाही.' सर, प्रिपरेशन बरोबर होतं, भाषणं लांबली होती. मला अजून राग येतो.

स्कोपचा हिशोब कोणी करत नाही. एक स्कोप पेशंटच्या बाहेर आला की तिथंच पुसणं, लीक टेस्ट, हाताने ब्रशिंग, मग मशीनचं सायकल, मग आतून वाळवणं. तो पुन्हा वापरायला मिळेपर्यंत एक तास तर सहज जातो, बऱ्याचदा जास्तच. हॉलमध्ये मात्र 'पुढची केस का सुरू होत नाही' म्हणून फोनावर फोन. या घाईत कापला जातो तो ब्रशिंगचा वेळ. ईआरसीपीच्या (पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या नलिकेसाठीच्या एन्डोस्कोपीच्या) स्कोपच्या टोकाशी जी छोटी हलणारी पट्टी असते तिच्या खाचेत जंतू राहून मागच्या दशकात बाहेरच्या देशांत मोठमोठ्या हॉस्पिटलांत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या साथी आल्या, नंतर कंपन्यांना टोकावरची टोपी काढून टाकता येईल असे स्कोप बनवावे लागले. घाई करायची ती जागा नाहीच ही.

पुढचं. प्रोसीजरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि वय असतं. आठशे लोकांसमोर. ते झाकायचं कोणाच्या लक्षात येतं का, मी दोनदा चिकटपट्टी लावलीय मॉनिटरवर, आणि तिसऱ्यांदा कळलं की चिकटपट्टी मॉनिटरवर होती, हॉलकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये नाव तसंच जात होतं. आणि पेशंट हलक्या सेडेशनवर असेल तर त्याला ऐकू येतं हो. हॉलमधून कोणी 'अरे बापरे' म्हटलं की मी त्याचा हात धरून ठेवते.

ईआरसीपीनंतर शंभरात तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती बहुधा संध्याकाळी-रात्री कळते. तोपर्यंत करणारे मोठे डॉक्टर विमानात असतात. मोठा पॉलीप काढला तर रक्तस्राव आठवडाभराने, कधी दोन आठवड्यांनीही होतो. तर कागदावर एक नाव पाहिजे, की या पेशंटला आज रात्री, उद्या आणि पुढच्या आठवड्यात कोण बघणार. ही सूज टाळायला इंडोमेथासिनची गोळी गुदमार्गाने दिली का ते चेकलिस्टवर पाहिजे, लाइव्हच्या गडबडीत प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने दिली.

युरोपच्या एन्डोस्कोपी सोसायटीच्या नियमात असं आहे की लाइव्हच्या वेळी पेशंटच्या बाजूने एक वेगळा डॉक्टर नेमायचा, त्याचा डेमोशी काही संबंध नसावा, आणि त्याला वाटलं तर त्याने थांबवायचं. आमच्याकडे एकदा नेमले होते, तेच दुपारी हॉलमध्ये चेअरपर्सन होते.

ठेवायचंच असेल तर ठेवा सर, पण पेशंट त्या दिवसासाठी थांबवून ठेवू नका. ज्याची गरज आज आहे त्याची आजच करा.

बाकावरचा रेसिडेंट

सिस्टरशी वाद घालायची माझी हिंमत नाही, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो.

मी तिसऱ्या वर्षाला आहे. मी आत्तापर्यंत जे शिकलो त्यातलं बरंच लाइव्हमध्ये शिकलोय, आणि प्रोसीजर छान झाली त्यातून नाही, अडली त्यातून. एकदा एका फार मोठ्या एन्डोस्कोपिस्टना पित्तनलिकेत वायरच जाईना. वीस मिनिटं. सगळा हॉल गप्प. त्यांनी आधी काय बदललं, मग काय सोडून दिलं, स्वादुपिंडात स्टेंट कधी टाकला, आणि कधी ठरवलं की आता आणखी खटपट नको, हे मला कुठल्या व्हिडिओत दिसलं असतं? एडिट केलेल्या व्हिडिओत सगळ्यांची वायर पहिल्या फटक्यात जाते. ते बघून मी युनिटमध्ये गेलो की मला वाटतं मीच एकटा नालायक.

बाकी आम्हाला काय पाहिजे ते कोणी विचारत नाही म्हणून इथंच सांगून टाकतो. हँड्स-ऑन द्या. डुकराच्या जठराचं मॉडेल, त्यावर क्लिप लावणं, बँड लावणं, रक्तस्राव थांबवणं. एका टेबलाशी चार जण, दहा नाहीत, दहा असले की दोघं करतात आणि आठ मोबाइल बघतात. आणि एआयवर सत्र ठेवणार असाल तर कंपनीच्या स्टॉलवरचं तेच हॉलमध्ये नको. एआयमुळे पॉलीप जास्त सापडतात हे बऱ्याच ट्रायलमध्ये आलंय, बरोबर, पण २०२५ मध्ये पोलंडमधून एक अभ्यास आला, त्यात युनिटला एआयची सवय झाल्यावर एआय बंद असताना केलेल्या कोलोनोस्कोपीत अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलीप) सापडायचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलेलं. आम्ही तर शिकतानाच एआय बघत मोठे होणार, आमचं काय होणार यावर दोघांना समोरासमोर उभं करा ना. भाषण नको, वाद पाहिजे.

पित्ताशयकर

रेसिडेंट साहेब, मुद्दा बिनतोड आहे, पण त्याला उत्तर लाइव्हच असलं पाहिजे असं नाही. एका वर्षी आम्ही दोन केसेस अशा दाखवल्या होत्या की ऑपरेटरने स्वतःच्या युनिटमध्ये, स्वतःच्या टीमबरोबर, स्वतःच्या पेशंटवर केलेलं रेकॉर्डिंग, एक सेकंदही न कापलेलं. ऑपरेटर स्टेजवर, हातात रिमोट. वायर अडली की थांबवायचं आणि हॉलला विचारायचं आता काय कराल, मग पुढे दाखवायचं त्याने काय केलं आणि ते चुकलं. पेशंटचं पुढे काय झालं तेही माहीत असतं, लाइव्हमध्ये ते कधीच कळत नाही. फक्त अट घालायची की निदान एक केस फसलेली आणायची. यावर तीन मोठ्या लोकांनी नाही म्हटलं, चौथा हो म्हणाला आणि त्याच्याच सत्राला दाराशी माणसं उभी होती.

मत सांगत नाही म्हटलं होतं, सांगून बसलो.

तिसरा हॉल

अ‍ॅबस्ट्रॅक्टबद्दल मी सांगतो, चार वर्षं परीक्षक आहे.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोच्या सोसायटीच्या वार्षिक परिषदेला एका तरुण डॉक्टरने अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला होता, जठरात वाकडे जंतू सापडतात आणि त्यांचा जठराच्या सुजेशी संबंध दिसतो अशा आशयाचा. ६७ अ‍ॅबस्ट्रॅक्ट आले होते, ५६ घेतले. म्हणजे फक्त ११ नाकारले आणि त्या ११ मध्ये हा. ते डॉक्टर बॅरी मार्शल, आणि ते जंतू म्हणजे एच. पायलोरी. पुढच्या वर्षी त्यांनी ते जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल घेतलं. नकाराचं ते पत्र मार्शल यांनी जपून ठेवलं आणि लोकांना दाखवतात. मी दरवर्षी तपासायला बसलो की ते पत्र आठवतो आणि मग ज्याला सगळ्यात कमी मार्क द्यावेसे वाटतात तो पुन्हा एकदा वाचतो. हजारातून नऊशे निन्याण्णव वेळा तो खरंच भिकार असतो हेही सांगतो.

पण भांडणं यावरून होत नाहीत, भांडणं होतात ती मार्कांवरून. एक परीक्षक सगळ्यांना आठ-नऊ देतो, दुसरा चारच्या वर जात नाही, आणि ज्याचा पेपर कडक मास्तरकडे गेला तो मेला. प्रत्येक अ‍ॅबस्ट्रॅक्ट तिघांकडे पाठवा, नाव आणि संस्था झाकून, आणि सरासरी काढायच्या आधी प्रत्येक परीक्षकाचे मार्क त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून घ्या, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. ३०० आले तर ९०० परीक्षणं होतात, तीस परीक्षक धरले तर माणशी तीस. त्याच्या वर दिलेत की लोक शीर्षक वाचून मार्क देतात, मीही दिलेत. मजकुरातच 'आमच्या संस्थेत' म्हणून नाव घातलेलं असतं ते आधी कोणीतरी बसून काढायला लागतं.

आणि जे पोस्टर म्हणून घेता त्यांना किंमत द्या हो. दोनशे ई-पोस्टर आणि दहा स्क्रीन, जेवणाच्या वेळेत, जेवणाच्या हॉलच्या उलट टोकाला. मुलगा कोट घालून उभा आणि समोर फक्त त्याचा रूममेट. त्यापेक्षा साठच घ्या, चहाच्या वाटेवर ठेवा, आणि प्रत्येकापाशी एक सीनियर पाच मिनिटं थांबून प्रश्न विचारेल असं बघा. पोरं तो एक प्रश्न वर्षभर लक्षात ठेवतात.

कंपन्यांच्या सत्रांवर 'प्रायोजित' असं ठळक छापा. वक्त्याने कोणाकडून मानधन घेतलं ती स्लाइड पापणी लवायच्या आत जाते, चेअरपर्सनने ती मोठ्याने वाचायची असा नियम केलात तर तुमचं नाव घेईन.

माइक चालू आहे का

मी ऑडिओ-व्हिडिओवाला, डॉक्टरांच्या परिषदा खूप केल्यात. दोनच गोष्टी. स्लाइड आदल्या दिवशी प्रिव्ह्यू रूममध्ये जमा, पेनड्राइव्ह घेऊन स्टेजवर चढलेल्याला चढू द्यायचं नाही, मग तो कितीही मोठा असो, आणि हे मी नाही सांगणार, तुमच्यातल्या कोणीतरी सांगायचं. एन्डोस्कोपीचे व्हिडिओ स्लाइडमध्ये असतात ते वक्त्याच्या लॅपटॉपवर चालतात आणि आमच्याकडे काळा चौकोन दिसतो, हे प्रत्येक परिषदेत, प्रत्येक हॉलमध्ये.

दुसरं, घड्याळ. वक्त्याला दिसेल असं मोठं लावा, आणि चेअरपर्सनना दोन मिनिटं आधी उभं राहायला सांगा. चिठ्ठी पाठवून कोणी थांबत नाही. माइक बंद करायची सूचना मला लेखी द्याल तर करतो. आजवर कोणी दिलेली नाही.

क्रोन्सवाला

मी पेशंट. इथं लिहू की नको असं वाटत होतं. बारा वर्षं क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज येत राहायचा आजार, आहे, एकदा आतड्याचा तुकडा काढलाय, आता दर काही आठवड्यांनी इंजेक्शन.

तुमच्या पन्नास भाषणांत एक पंधरा मिनिटं आमच्यातल्या कोणाला द्याल का? रडगाणं गायला नाही. तुम्ही रिपोर्टमध्ये कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेचा आकडा, बघता आणि 'छान आहे' म्हणता, मी मात्र ऑफिसात मीटिंगला बसायच्या आधी दारापासून टॉयलेट किती पावलांवर आहे ते मोजतो. हे कॅलप्रोटेक्टिनमध्ये येत नाही. आणि ते लाइव्हचं वाचून सांगतो, मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं, पण एकच प्रश्न विचारला असता, की नाही म्हटलं तर माझा नंबर मागे जाणार का. तो विचारायची बहुतेकांची हिंमत होत नाही, त्यामुळे तुम्हीच आधी सांगून टाका.

जठराग्नी

सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली, काय झालं ते सांगतो.

पित्ताशयकर सर, मिनिटांचा कागद ठेवला आणि खरंच गप्प बसलो. पहिली दहा मिनिटं कोणी बोलेना, मग एकाने विचारलं चौथा हॉल घेता येईल का. मी म्हटलं हॉल घेता येईल, आठशेच डेलिगेट आहेत, ते चार ठिकाणी कसे बसणार. शेवटी ५४ भाषणांवर आलोय आणि प्रत्येकाला विषय प्रश्नाच्या रूपात जाणार. दोन ज्येष्ठ रुसलेत, एकांना ओरेशनच्या सत्राचं अध्यक्षपद देऊन बघतोय.

लाइव्हवर जोरात वाजलं. सिस्टर, तुमचा तो दीड वाजताचा पेशंट मी नाव-गाव काढून वाचून दाखवला. आमच्या खजिनदारांनी विचारलं की लाइव्ह काढलं तर नोंदणी किती पडेल, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. पण ठरलं असं की यंदा सकाळी न कापलेल्या रेकॉर्डिंगच्या सहा केसेस, ऑपरेटर स्टेजवर, सहापैकी किमान दोन फसलेल्या, आणि दुपारभर हँड्स-ऑन, टेबलाला चार जण. फसलेली केस आणायला आत्तापर्यंत एकच नाव आलंय आणि ते माझं स्वतःचं आहे. माझ्या हातून झालेलं एक परफोरेशन (आतल्या भिंतीला भोक पडणं) आहे, रेकॉर्डिंग मी त्या दिवसानंतर उघडलेलं नाही. पेशंट बरा झाला, त्याची परवानगी घ्यायला पुढच्या आठवड्यात भेटणार आहे, आणि 'नाही म्हटलात तरी काही बिघडत नाही' हे वाक्य आधी म्हणणार आहे.

क्रोन्सवाले, पंधरा नाही, वीस मिनिटं. आयबीडीच्या (क्रोन्ससारख्या आतड्याच्या सुजेच्या आजारांच्या) सत्रात सगळ्यात आधी, शेवटी ठेवलं की वेळेअभावी कापतात. तुम्ही स्वतः याल का ते मेसेज करून सांगा.

एक प्रश्न राहिलाच. सिस्टर, नर्स आणि टेक्निशियन मंडळींसाठी वेगळं समांतर सत्र ठेवू की मोठ्या हॉलमध्येच?

स्कोपवाली सिस्टर

मोठ्या हॉलमध्ये. वेगळं ठेवलंत की तिथं आमच्याशी आम्हीच बोलतो. ब्रशिंगचं डॉक्टरांना ऐकवायचंय.

आणि ते उद्घाटन संध्याकाळी ठेवा.